हानी की बहिष्कार?
महामारीतील शाळा आणि दलित आत्मकथनांतील शाळा

एक

मार्च २०२० पासून पुढची दोन वर्षे शाळांचे काय झाले, यासंबंधी आता बरेच लिहून झाले आहे. अहवाल निघाले, परिसंवाद झाले, दिवाळी अंकांतून लेख आले. हे लेखन वाचताना मला एक गोष्ट सतत खटकत आली आहे. या सर्वांनी एक शब्द न तपासता स्वीकारलेला आहे. कोणी त्याला 'अध्ययन-क्षती' म्हणतात, कोणी 'शैक्षणिक हानी', तर कोणी सरळ 'लर्निंग लॉस'. नाव कोणतेही असो, त्यामागची कल्पना एकच आहे : मुलांजवळ काही होते, साथ आली, ते हरवले आणि आता ते भरून काढायचे.

हानी हा शब्द अवर्षणाच्या आणि महापुराच्या घरातला आहे. त्याला कर्ता नसतो. पीक बुडाले, पंचनामा झाला, भरपाई मिळाली किंवा मिळाली नाही. यात कोणी कोणाला बाहेर ठेवले, असा प्रश्नच उद्भवत नाही. माझा आक्षेप नेमका येथे आहे. दलित, आदिवासी आणि भटक्या-विमुक्तांच्या मुलांच्या वाट्याला या काळात जे आले, ती केवळ हानी नव्हती. तो बहिष्कार होता.

हा शब्द मी संतापाच्या भरात वापरत नाही. अर्थ तपासून वापरतो आहे. बहिष्काराला कर्ता असतो, त्याचे नियम असतात, आणि 'आत' व 'बाहेर' अशी एक रेषा असते. ही रेषा शाळेत कशी ओढली जाते, हे मराठीत सर्वांत बारकाईने कोणी नोंदवले असेल तर ते दलित आत्मकथनांनी. म्हणून या प्रश्नाचा विचार केवळ शिक्षणतज्ज्ञांवर न सोडता आपल्या साहित्याच्या उजेडात झाला पाहिजे.

दोन

एप्रिल २०२० मध्ये राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने घरबसल्या अभ्यासाची एक माला सुरू केली. तिचे ब्रीद होते : 'शाळा बंद, पण शिक्षण आहे'. कवितेची ओळ तपासावी तसे हे वाक्य तपासून पाहण्यासारखे आहे. त्याचा सारा भार 'पण' या अव्ययावर आहे. शाळा वेगळी आणि शिक्षण वेगळे. शाळा म्हणजे टरफल आणि शिक्षण म्हणजे आतला दाणा. टरफल काढून टाकले तरी दाणा शिल्लक राहतो, असे हे 'पण' आपल्याला सांगते.

हे कोणाच्या बाबतीत खरे आहे? ज्या घरात पुस्तकांचे कपाट आहे, आई पदवीधर आहे, वडील घरूनच कचेरीचे काम करतात आणि मुलाला दार लावून बसायला स्वतंत्र खोली आहे, त्या घरात शिक्षण शाळेच्या आधीपासून नांदत असते. शाळा त्यावर फक्त शिक्कामोर्तब करते. त्या मुलाच्या बाबतीत हे वाक्य अक्षरशः खरे ठरले. परंतु दहा बाय दहाच्या पत्र्याच्या खोलीत सहा माणसे राहतात, एकच मोबाइल आहे आणि तो सकाळी बापाबरोबर कामावर जातो, तेथे शाळा आणि शिक्षण या दोन वस्तू नाहीत. तेथे शाळा बंद म्हणजे शिक्षण बंद. मध्ये 'पण' घालायला जागाच उरत नाही.

सरकारला हे ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ मधील ७५ व्या फेरीचे आकडे सरकारच्याच दप्तरात होते. देशातील १०० कुटुंबांपैकी इंटरनेटची सोय असलेली कुटुंबे सुमारे २४, आणि ग्रामीण भागात ती १५ सुद्धा नव्हती. संगणक असलेली ग्रामीण कुटुंबे शंभरात चार-पाच. म्हणजे ज्या दाराने शिक्षण द्यायचे ठरवले, ते दार बहुसंख्यांच्या घराला नाही, हे आधीच लिहून ठेवलेले होते. लिहून ठेवलेले असतानाही तेच दार निवडले, म्हणून मी कर्ता शोधतो.

मी शिक्षक आहे. त्या वर्षी वर्गाच्या हजेरीपटाची जागा पालकांच्या व्हॉट्सॲप गटाने घेतली. सकाळी दहाला धडा पडायचा. फोन घरी यायचा रात्री आठला, बॅटरी संपत आलेली, आणि त्याची वाट पाहत तीन इयत्तांतली तीन भावंडे बसलेली. त्यातही पहिला हक्क दहावीतल्या मुलाचा. सहावीतल्या मुलीचा क्रमांक भांडी घासून झाल्यावर. महिना संपला की रिचार्ज संपायचा, आणि रिचार्ज की तेल-मीठ हा प्रश्न रोजगार बुडालेल्या घरात फार वेळ चर्चेचा राहत नाही. मग वरून माहिती मागवली जाई आणि अशा मुलांच्या नावापुढे शेरा पडे : 'संपर्क नाही'.

हा शेराही वाचला पाहिजे. संपर्क कोणाचा कोणाशी नाही? मूल तर त्याच गल्लीत होते, शाळेपासून चार हाकांवर. संपर्क तुटला होता तो शाळेचा. शेरा मात्र मुलाच्या नावावर पडला. अशा पालकांना फोन लावला की यंत्रातली बाई सांगायची, हा क्रमांक संपर्कक्षेत्राच्या बाहेर आहे. आपल्या समाजाने 'गावकुसाबाहेर' हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या भोगला. गावकुसाच्या दगडी भिंती पडल्या असे आपण समजत होतो. २०२० साली गावकूस दगडाचे उरले नव्हते, एवढाच काय तो फरक.

तीन

दलित आत्मकथनांवर लिहिताना प्रस्थापित समीक्षेने त्यांतील शाळेच्या प्रसंगांत दोनच गोष्टी पाहिल्या : अपमान आणि जिद्द. मुलाला अपमान सोसावा लागला आणि तो जिद्दीने शिकला. ही वाचनाची रीत सोयीची आहे, कारण तीत वाचकाला हळहळताही येते आणि कौतुकही करता येते. परंतु या प्रसंगांच्या मुळाशी तिसरीच गोष्ट आहे. ती म्हणजे जागा. कोठे बसायचे, कोणाच्या शेजारी बसायचे, पाणी कोठून प्यायचे, उंबऱ्याच्या आत की बाहेर, हे तेथले प्रश्न आहेत. आपल्या साहित्यात शाळा ही आधी जागा आहे. धडे त्यानंतर येतात.

स्वतः डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या साताऱ्याच्या शाळेची आठवण लिहून ठेवली आहे. वर्गात त्यांना गोणपाटाच्या तुकड्यावर वेगळे बसावे लागे. शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला शिवत नसे, म्हणून तो तुकडा रोज संध्याकाळी घरी न्यायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घरून आणायचा. या आठवणीचा अर्थ आता नव्याने उमगतो. सार्वजनिक शाळेत इतर मुलांना बसायची जागा शाळा देत होती. अस्पृश्य मुलाला मात्र ती घरून आणावी लागत होती. त्या काळी गोणपाटाचा तुकडा घरून आणावा लागे. २०२० साली फळा, खडू, बाक, खिडकीतला उजेड, घंटा आणि शांतता, अशी अख्खी शाळाच मुलाने घरून आणावी अशी अपेक्षा केली गेली. ज्याच्या घरात ती नव्हती त्याला शाळा नव्हती.

शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) शाळेची सहल आहे. सवर्ण मुले एकीकडे आणि महारांची मुले दुसरीकडे जेवायला बसतात. उरलेले अन्न यांच्या वाट्याला येते. आणि दुसऱ्या दिवशी गुरुजी सर्वांना सहलीवर निबंध लिहायला सांगतात. सहल एकच, निबंधाचा विषय एकच, परंतु दोन मुलांनी पाहिलेली सहल एक नव्हे. महामारीच्या काळात 'माझे ऑनलाइन शिक्षण' असा निबंध लिहायला सांगणाऱ्या अनेकांना हा प्रसंग आठवायला हवा होता.

उर्मिला पवार यांच्या 'आयदान'मध्ये (२००३) गुरुजी मुलीला शेण काढायला लावतात, मारतात. तिची आई रस्त्याकडेला आयदाने विणीत बसलेली असते. ती त्या गुरुजींना गाठून जाब विचारते. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये (१९८६) शाळेत जाणाऱ्या महार मुली हेटाळणी सोसतात, पण त्या एकट्या नाहीत; एकमेकींच्या आधाराने त्या भांडूही शकतात. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'त (१९८०) गाढवांच्या पाठीवर संसार घेऊन फिरणारा बाप पोराला शाळेत घालण्याचा हट्ट धरतो, आणि गाव बदलले की शाळेचा प्रश्न पुन्हा पहिल्यापासून उभा राहतो.

हे सारे प्रसंग एकत्र ठेवले म्हणजे एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. ही शाळा अन्यायी होती. पण ती दिसणारी, सार्वजनिक जागा होती. तिला दार होते. दाराबाहेर ठेवले तर दारात उभे राहता येत होते. गुरुजी रस्त्याने जाताना त्यांना अडवता येत होते. बाहेर ठेवलेली मुले एकमेकांना पाहू शकत होती, आणि आपण एकटे नाही हे त्यांना कळत होते. विद्रोहाची पहिली अट हीच आहे. बहिष्कृतांना एकमेकांचे दर्शन झाल्याशिवाय बहिष्कार हा बहिष्कार म्हणून ओळखू येत नाही.

ऑनलाइन शाळेने नेमके हे दर्शन काढून घेतले. तिला दार नाही, म्हणून दाराबाहेर उभे राहण्याची सोय नाही. वर्गात आज कोण नाही हे आत बसलेल्यांना दिसत नाही, आणि बाहेर राहिलेल्याला आपल्यासारखे आणखी किती बाहेर आहेत हे कळत नाही. त्याला एवढेच दिसते की, आपल्या घरात फोन नाही. म्हणजे दोष आपल्या घराचा, आपल्या बापाच्या कमाईचा. सार्वजनिक अन्याय असा प्रत्येकाच्या घरात शिरून खाजगी लाज बनतो. केरळसारख्या शिक्षणात अग्रेसर राज्यात जून २०२० मध्ये ऑनलाइन वर्गांच्या पहिल्याच दिवशी एका दलित शाळकरी मुलीने जीव दिला. घरातला टीव्ही नादुरुस्त आणि स्मार्टफोन घेण्याची ऐपत नाही, ही त्या घराची परिस्थिती होती. ती मुलगी कोणाला जाब विचारणार होती? तिच्यासमोर जाब विचारण्यासाठी कोणी उभेच नव्हते.

चार

बहिष्कार हा शब्द वापरायचा तर रेषा दाखवली पाहिजे. ती दाखवणारे आकडे उपलब्ध आहेत. ज्याँ द्रेज, रीतिका खेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रासह १५ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील वंचित वस्त्यांत सुमारे १४०० मुलांची पाहणी केली. ग्रामीण भागात नियमितपणे ऑनलाइन शिकणारी मुले १०० पैकी फक्त ८ निघाली. ३७ मुले मुळीच शिकत नव्हती. याच ग्रामीण मुलांत अनुसूचित जाती-जमातींची मुले वेगळी काढली तर नियमित ऑनलाइन शिकणारी ४, आणि इतरांची १५. ही पाहणी सुखवस्तू घरांची नव्हती, हे येथे विसरता कामा नये. दोन्हीकडे गरिबीच होती. गरिबांच्या आतही जातीची रेषा उरतेच, हे या ४ आणि १५ मधले अंतर सांगते. वर्ग सुटला की जात आपोआप सुटेल, असे मानणाऱ्या आपल्या पुरोगामी मित्रांनी यावर थोडे थांबावे.

बाबासाहेबांनी या प्रश्नाचे गणित फार पूर्वी मांडून ठेवले आहे. १२ मार्च १९२७ रोजी, महाडच्या सत्याग्रहाला आठ दिवस उरले असताना, मुंबई कायदे कौन्सिलात शिक्षणावरील खर्चासंबंधी बोलताना त्यांनी दाखवून दिले की, प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या १०० मुलांपैकी १८ च चौथीपर्यंत पोहोचतात आणि उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत ढकलली जातात. त्यांचे म्हणणे असे की, प्राथमिक शिक्षणाचा हेतू मूल शाळेत येण्याने पुरा होत नाही. ते आयुष्यभर साक्षर राहील अशा टप्प्यावर पोहोचूनच त्याने शाळा सोडली पाहिजे. येथे बाबासाहेब मुलाने काय गमावले असे विचारीत नाहीत. सरकारने पैसा कोणावर खर्च केला, असे ते विचारतात. 'हानी' या शब्दाने जो प्रश्न पुसला जातो तो हाच.

त्याच्याही आधी, १८८२ साली, महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन देऊन शूद्रातिशूद्र रयतेच्या पैशावर वरिष्ठ वर्गाचे उच्च शिक्षण चालते हे दाखवले होते आणि निदान बाराव्या वर्षापर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली होती. त्या काळी इंग्रज सरकारचा सिद्धांत असा होता की, वरच्यांना शिकवले म्हणजे ज्ञान आपोआप खाली झिरपत जाईल. ते झिरपले नाही. आपल्या काळात ज्ञान आकाशातून येणार होते, उपग्रहातून आणि मनोऱ्यांतून. ते वरच्या मजल्यांवर उतरले आणि तेथेच थांबले. साधन नवे असले तरी सिद्धांत तोच राहिला.

पाच

यावर तीन आक्षेप घेतले जातील. त्यांचा विचार करणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

पहिला आक्षेप असा की, साथ भयंकर होती, माणसे मरत होती, शाळा बंद ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हते. साथीचे भय खोटे नव्हते, आणि शरीराशरीरांत अंतर राखणे आवश्यक होते. परंतु काय किती दिवस बंद ठेवायचे, याची निवड माणसेच करीत होती. महाराष्ट्रात बार आणि उपाहारगृहे ५ ऑक्टोबर २०२० ला उघडली. पहिली ते चौथीच्या वर्गांची दारे ग्रामीण भागात प्रथम उघडली ती १ डिसेंबर २०२१ ला. मधले जवळजवळ चौदा महिने विषाणूच्या खात्यावर टाकता येणार नाहीत. दारूपासून महसूल मिळतो. चौथीतल्या मुलापासून मिळत नाही. शिवाय साथ आली म्हणजे दूर पळायचे, हा काही आपला वारसा नव्हे. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुल्यांनी रोग्यांची शुश्रूषा केली आणि त्याच प्लेगाने १० मार्चला त्यांचा मृत्यू झाला. पहिली शिक्षिका साथीत लोकांकडे गेली. तिचे नाव घेणाऱ्या राज्याने शिक्षकांना तपासणी नाक्यांवर आणि घरोघरच्या सर्वेक्षणावर पाठवले, ते एक वेळ समजू शकते. पण घरोघर जाणाऱ्या त्याच शिक्षकाच्या पिशवीत मुलांसाठी चार पुस्तके द्यावीत, हे मात्र क्वचितच कोणाला सुचले.

ज्यांना सुचले त्यांनी काय केले हेही नोंदवले पाहिजे. सोलापुरात नीलमनगरच्या कामगार वस्तीत घरांच्या भिंतींवर धडे रंगवले गेले. पालघरच्या आदिवासी पाड्यांवर भोंग्यावरून पाठ ऐकवले गेले. राज्यात ठिकठिकाणी शिक्षकांनी ओट्यावर, देवळाच्या पारावर, झाडाखाली मुले गोळा केली. या प्रयोगांना वर्तमानपत्रांनी 'अभिनव उपक्रम' म्हटले. माझ्या मते त्यांचे महत्त्व वेगळेच आहे. साथीतही शाळा ही जागा म्हणून टिकवता येत होती, एवढे त्यांनी सिद्ध केले. मग 'गत्यंतर नव्हते' हे म्हणणे टिकत नाही.

दुसरा आक्षेप आपल्याच काही तरुण मित्रांचा आहे. ते म्हणतात, वर्गात अपमान होतो, पडद्यावर जात दिसत नाही. मग ऑनलाइन शिक्षण दलित विद्यार्थ्याला अधिक सुरक्षित नाही का? हा युक्तिवाद झटकून टाकण्यासारखा नाही, कारण त्यामागे खरी जखम आहे. परंतु पडद्यावर चेहऱ्याखाली आडनाव असते. कॅमेरा सुरू केला की मागचे पत्रे दिसतात, भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो दिसतो. एप्रिल २०२१ मध्ये खरगपूरच्या आयआयटीत अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी चाललेल्या ऑनलाइन पूर्वतयारी वर्गात एका प्राध्यापिकेने विद्यार्थ्यांना शिवीगाळ केली. चित्रफीत बाहेर आली, देशभर निषेध झाला आणि तिला निलंबित करावे लागले. अपमान पडद्यातून सुखरूप पोहोचतो. पोहोचत नाही तो शेजारच्या बाकावरचा मित्र.

तिसरा आक्षेप सर्वांत गुळगुळीत आहे : नुकसान सगळ्यांचेच झाले, त्यात जात कशाला आणता? सगळ्यांचे नुकसान झाले हे खरे आहे. पण जे सगळ्यांचे होते ते भरून येते. जे काहींचेच होते ते साठत जाते. शिक्षण हक्क कायद्याने खाजगी शाळांत २५ टक्के जागा वंचित मुलांना मिळाल्या होत्या. त्याच वर्गातली, त्याच शिक्षकांची ही मुले साधनांअभावी बाहेर पडली, तेव्हा सप्टेंबर २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना उपकरणे आणि इंटरनेट देण्याचा आदेश दिला, आणि एकाच वर्गात असा भेद करणे हा भेदभाव आहे असे मानले. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. ज्याला न्यायालयाने भेदभाव म्हटले, त्याला शिक्षणतज्ज्ञ हानी म्हणत राहतात, हे नवलाचे आहे.

सहा

आता दोन वाङ्मयप्रकारांविषयी.

महामारीच्या काळात वर्तमानपत्रांत एक नवीच कथा रूढ झाली. कोणी मुलगी डोंगरावर छप्पर उभारून, पावसापाण्यात नेटवर्क शोधत अभ्यास करते. कोणी मुलगा झाडावर चढून परीक्षा देतो. आणि खाली मथळा असतो 'जिद्दीला सलाम'. त्या मुलामुलींविषयी मला आदरच आहे. आक्षेप आहे तो या कथेच्या घाटाला. दलित आत्मकथनांचे 'अपमान आणि जिद्द' असे वाचन करणाऱ्या समीक्षेनेच ही कथा तयार केली आहे. एक मूल डोंगर चढले की जे चढू शकले नाहीत ते आळशी ठरतात, आणि डोंगरावर जावे का लागले हा प्रश्न सलामात बुडून जातो. जिद्द हे मूल्य आहे. पण जेथे हक्काची मागणी करायची तेथे जिद्दीचे कौतुक केले जाते, तेव्हा ते कौतुक फसवे असते.

दुसरा प्रकार अहवालांचा. त्यात आकड्यांची एक गोष्ट सांगितली जाते, आणि ती नीट वाचली नाही तर फसगत होते. 'असर'च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात दुसरीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीतील मुले २०१८ मध्ये २७.३ टक्के होती. २०२२ मध्ये ती २०.५ टक्क्यांवर आली. याच चार वर्षांत मुलांच्या घरांतले स्मार्टफोन ३६.५ टक्क्यांवरून ७४.८ टक्क्यांवर गेले. घराघरांत फोन दुपटीने वाढले आणि वाचन घटले. फोन म्हणजे शाळा नव्हे, हे याहून स्पष्ट कोणी सांगावे?

पुढे २०२४ मध्ये वाचनाचा आकडा पुन्हा २७.१ टक्क्यांवर आला आणि 'हानी भरून निघाली' असे समाधानाने म्हटले गेले. येथे प्रत्येक शिक्षकाने थांबून बोटांवर हिशेब करावा. २०२४ साली तिसरीत असलेले मूल २०२० साली चार वर्षांचे होते. ते पहिलीत आले तेव्हा शाळा उघडलेली होती. म्हणजे सावरला तो आकडा. ज्याची तिसरी २०२० मध्ये बंद दारामागे गेली, ते मूल २०२४ साली सातवीत होते. तिसरीच्या रकान्यात त्याला शोधून ते सापडणार नाही. त्याच्यासाठी जुलै २०२१ मध्ये ४५ दिवसांचा 'सेतू अभ्यास' आला, आणि तोही बहुतांशी त्याच फोनवरून. ज्याला नदीपर्यंत पोहोचता येत नव्हते त्याच्यासाठी नदीवर पूल बांधला गेला. २०२१ च्या दहावीचा निकाल ९९.९५ टक्के लागला. परीक्षा न होता सारे उत्तीर्ण झाले. अकरावीच्या वर्गात मात्र कोण पोहोचले आणि कोण ऊसतोडीला, वीटभट्टीला किंवा लग्नाच्या बोहल्यावर गेले, हे त्या टक्क्यांत दिसत नाही.

याच संदर्भात वसतिगृहांचा विचार अपरिहार्य आहे. दलित शिक्षणाचा इतिहास हा पुष्कळसा वसतिगृहांचा इतिहास आहे. बहिष्कृत हितकारिणी सभेने आपल्या कार्याची सुरुवात सोलापूरच्या वसतिगृहापासून केली, याला कारण होते. घर आणि वस्ती यांच्या ओढीतून मुलाला काही काळ बाजूला काढल्याशिवाय ते शिकणार नाही, हे बाबासाहेबांनी ओळखले होते. २०२० साली समाजकल्याणची वसतिगृहे आणि आश्रमशाळा रिकाम्या झाल्या, मुले गावी परतली. परतली म्हणजे कोठे? ज्या घरातून, ज्या कामातून आणि ज्या जातीच्या वस्तीतून ती मोठ्या कष्टाने बाहेर पडली होती तेथेच. 'घरी राहा, सुरक्षित राहा' हे वाक्य ज्याला घर आहे त्याच्यासाठी होते.

सात

लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'त (१९८७) एक प्रसंग आहे. जमातीतले पोर पहिल्यांदा शाळेत जाऊ लागते आणि त्याच सुमारास वस्तीतल्या मुलांना हगवण-ओकारीची लागण होते. लोक म्हणतात, पोराला शाळेत घातले म्हणून रोगराई आली. शतकानुशतके शिक्षणाबाहेर ठेवलेल्या माणसांच्या मनात शाळेविषयी किती भय रुजले होते, याचे हे विदारक चित्र आहे. ते भय घालवायला दोन पिढ्यांचे कष्ट लागले. शाळेमुळे रोग येतो असे मानणाऱ्या वस्त्या, आमची शाळा उघडा असे म्हणू लागल्या. २०२१ च्या त्या पाहणीत ग्रामीण दलित-आदिवासी पालक जवळजवळ एकमुखाने शाळा लवकर उघडा असे सांगत होते. परिवर्तन यालाच म्हणतात. आणि नेमक्या त्याच वेळी, रोगाचे कारण सांगून, राज्यव्यवस्था त्यांना म्हणत होती की शाळेशिवायही चालते.

हा विचार साथीबरोबर संपलेला नाही, म्हणून हे सारे लिहिण्याची निकड आहे. २०२३ मध्ये महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचा प्रस्ताव पुढे आला. या शाळा कोठे आहेत? तांड्यांवर, पाड्यांवर, वाड्या-वस्त्यांवर. एकदा 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' हे वाक्य पटले की पुढचे वाक्य सोपे असते. शाळा दूर, पण बस आहे. शिक्षक नाही, पण पडदा आहे. प्रत्येक 'पण' नंतर जे येते ते मिळेलच याची हमी नसते. 'पण' च्या आधीचे मात्र नक्की जाते.

यंत्राला माझा विरोध नाही. बाबासाहेबांच्या अनुयायाने यंत्राला घाबरण्याचे कारण नाही. शाळेच्या चार भिंतींत, शिक्षकाच्या हाताखाली, सर्व मुलांना सारखे मिळणारे यंत्र मला हवेच आहे. शाळेच्या जागी आलेले यंत्र मला नको आहे.

आपल्या साहित्याकडून माझी एक अपेक्षा आहे. त्या दोन वर्षांचे लेखन आतापर्यंत बहुतेक ज्यांचे वर्ग भरत होते त्यांनी केले आहे. पडद्याचा थकवा, घरातला कोंडमारा, रिकाम्या रस्त्यांची उदासी त्यात आली. 'संपर्क नाही' असा शेरा ज्यांच्या नावापुढे पडला ती मुले आता तरुण होत आहेत. त्यांच्यातले कोणी लिहू लागेल तेव्हा त्याच्याजवळ कदाचित शुद्ध भाषा नसेल, कारण भाषा शिकण्याची वर्षेच त्याच्याकडून काढून घेतली गेली. तेव्हा त्या लेखनाची व्याकरणाने मोजमाप करणारी समीक्षा पुढे येईल. १९७८ साली 'बलुतं' आले तेव्हाही ती आली होती. नियतकालिके चालवणाऱ्यांनी, शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी आतापासून त्यांच्यासाठी पाने मोकळी ठेवली पाहिजेत. आपापल्या शाळेतले २०२० आणि २०२१ चे हजेरीपट काढावेत, ज्यांच्या नावापुढे शेरा आहे त्या मुलांना शोधावे, ती आज कोठे आहेत हे लिहून घ्यावे. हे काम कोणताही अहवाल करणार नाही. आणि त्या नोंदींना शीर्षक देताना 'हानी' हा शब्द कृपा करून वापरू नये.